लिव्हर चांगलं असूनही पोटात पाणी आणि रक्ताची उलटी: धमनी थेट पोर्टल व्हेनला जोडली गेली असेल तर काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५२ वर्षांचे, शेती करतात. तीन वर्षांपूर्वी बैलाने उजव्या बरगडीखाली शिंग खुपसलं, लिव्हर फाटलं, रात्रीतच ऑपरेशन करून टाके घातले आणि ते वाचले. गेल्या सहा महिन्यांत मात्र दोनदा रक्ताची उलटी झाली, पोटात पाणी झालं, प्लीहा वाढली. दारूचा थेंब नाही, हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह. आता सीटी स्कॅनमध्ये ‘आर्टेरिओपोर्टल फिस्टुला’, म्हणजे धमनी आणि पोर्टल व्हेन यांच्यात तयार झालेला थेट जोड, निघाला आहे. एक डॉक्टर म्हणतात दुर्बिणीतून बँडिंग, म्हणजे अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबरी बँड लावणं, करत राहा, दुसरे म्हणतात कॅथलॅबमध्ये आतून बंद करून घ्या, तिसऱ्यांनी लिव्हर ट्रान्सप्लांटचा विषय काढला. मुलगी विचारते आहे, कोणाचं ऐकायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून माझं मत स्पष्ट आहे: दुसऱ्या डॉक्टरांचं ऐका, आणि फार दिवस लावू नका. मी गेली २२ वर्षं इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीचं काम करतो, म्हणजे जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून रक्तवाहिन्या आतूनच बंद करायच्या किंवा उघडायच्या. तुमच्या वडिलांसारखे रुग्ण फार येत नाहीत. पण जे येतात ते बहुतेक सगळे खूप फिरून, खूप उशिरा येतात, याची मला खंत वाटते. पोर्टल हायपरटेन्शनच्या, म्हणजे पोर्टल व्हेनमधला दाब वाढण्याच्या, कारणांमध्ये मुळापासून बरी होऊ शकणारी फार थोडी आहेत, आणि हे त्यातलं एक आहे.

आधी आत काय झालंय ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. मिनिटाला साधारण दीड लिटर. त्यातलं तीन चतुर्थांश पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतडी आणि प्लीहेकडून गोळा होऊन येणारं, संथ, कमी दाबाचं. उरलेलं हिपॅटिक धमनीतून, हृदयाच्या ठोक्याच्या जोराने येणारं. पोर्टल व्हेनमधला दाब पाऱ्याच्या ५ ते १० मिलिमीटरइतका, तर धमनीतला सरासरी ९० च्या आसपास. तुम्ही शेतकऱ्याच्या घरातल्या आहात, म्हणून असं सांगतो: पोर्टल व्हेन म्हणजे वाफ्यांना पाणी देणारा मातीचा पाट, आणि धमनी म्हणजे विहिरीवरच्या मोटारीची पाइपलाइन. शिंगाने दोन्ही एकाच जागी फाडल्या, आणि जखम भरताना त्या एकमेकींना जोडून भरल्या. आता मोटारीचं पाणी रात्रंदिवस थेट पाटात पडतंय. वाफे तेवढं पाणी घेऊ शकत नाहीत. ते मागे तुंबतं, आणि जिथे बांध कच्चा असतो तिथून फुटतं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेल्या शिरा हा तो कच्चा बांध. प्लीहा फुगते ती याच तुंबाऱ्याने, आणि पोटात पाणी झिरपतं तेही यानेच.

म्हणून तुमच्या वडिलांचं लिव्हर ‘खराब झालेलं’ नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. वडिलांना तर आवर्जून सांगा. सिर्‍होसिसमध्ये, म्हणजे लिव्हर कायमचं कडक होण्याच्या आजारात, वाफ्यांची मातीच दगड होते आणि पाणी शिरत नाही. इथे माती चांगली आहे, पाणीच जास्त येतंय. एक गोष्ट मात्र लपवत नाही. असा मारा वर्षानुवर्षं चालू राहिला तर लिव्हरमधल्या पोर्टल व्हेनच्या बारीक फांद्यांच्या भिंती जाड होतात, आतली जागा आवळते. मग जोड बंद केला तरी थोडा दाब मागे राहतो. तीन वर्षं झालीत म्हणून मी ‘दिवस लावू नका’ म्हणतोय. घाबरवण्यासाठी नव्हे.

इतका उशीर का होतो, हे मी जवळून पाहिलंय. पोटात पाणी असलेला पन्नाशीचा पुरुष ओपीडीत शिरला की पहिला प्रश्न दारूचा असतो. ‘नाही’ म्हटलं तर कोणी विश्वास ठेवत नाही. मागे माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांना गावात लोक दोन वर्षं ‘चोरून पितो’ म्हणत होते. माळकरी माणूस. त्यांचे लिव्हरचे रिपोर्ट, बिलिरुबिन, अल्ब्युमिन जवळपास नॉर्मल होते आणि तिथेच खरं तर कोणीतरी थबकायला हवं होतं. मी त्यांचा सदरा वर केला, उजव्या बरगडीखाली जुन्या टाक्यांची वीतभर खूण होती. त्यावर तळहात ठेवला तर पिठाच्या गिरणीच्या भिंतीला हात लावल्यावर लागते तशी थरथर लागली. स्टेथोस्कोप ठेवला तर नाडीच्या तालावर उठणारा सततचा घरघराट. पोटावर स्टेथोस्कोप ठेवून आतड्यांचा आवाज सगळेच ऐकतात, पण लिव्हरवर ठेवून ऐकणारे कमी. सोबत आलेल्या त्यांच्या मुलाच्या कानाला मी स्टेथोस्कोप लावला. तो काही बोलला नाही, नुसता वडिलांकडे बघत राहिला.

रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीत हे दिसतं, पण बघणाऱ्याने मनात शंका ठेवायला हवी. पोर्टल व्हेनमध्ये रक्त एरवी संथ, एकसारखं वाहतं. इथे त्यात धमनीसारखे ठोके दिसतात, आणि कित्येकदा प्रवाहाची दिशाच उलटी असते, लिव्हरकडून बाहेर. सीटीमध्ये औषध शिरेतून सोडल्यावर पहिल्या टप्प्यात फक्त धमन्या उजळायला हव्यात. त्याच टप्प्यात पोर्टल व्हेनही पांढरी झाली तर प्रश्न मिटला. म्हणूनच अशा रुग्णाचा सीटी ‘ट्रायफेजिक’, म्हणजे तीन टप्प्यांत चित्रं घेणारा, हवा. नुसता साधा काँट्रास्ट सीटी केला आणि धमनीचा टप्पा घेतलाच नाही, तर हे निसटतं.

आता तिन्ही सल्ल्यांकडे येतो. बँडिंग चुकीचं नाही. रक्ताची उलटी होत असताना जीव वाचवायला तेच करतात, सोबत शिरेतून ऑक्ट्रिओटाइड किंवा टर्लिप्रेसिन आणि अँटिबायोटिक. पण नुसतं बँडिंग करत राहणं म्हणजे मोटार चालू ठेवून बांध लिंपत बसणं. एक जागा बांधली की दुसरीकडे फुगणार, कधी जठरात, जिथे बँड नीट बसत नाही. प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल या दाब उतरवणाऱ्या गोळ्यांचंही तेच, दाब थोडा उतरतो पण कारण जागच्या जागी. ट्रान्सप्लांटचं म्हणाल, तर चांगलं लिव्हर काढून दुसऱ्याचं बसवायचं कारण मला तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. आणखी एक नाव कोणी सुचवलं तर सावध राहा: ‘टिप्स’. यात लिव्हरच्या आतून पोर्टल व्हेन आणि लिव्हरमधलं रक्त हृदयाकडे नेणारी हिपॅटिक व्हेन यांच्यामध्ये स्टेंट घालून दाबाला वाट करून देतात. सिर्‍होसिसमध्ये मी स्वतः ते करतो आणि त्याने माणसं तरतात. पण धमनीचं रक्त पोर्टल व्हेनमध्ये कोसळत असताना ती वाट उघडली, तर तेच रक्त थेट हृदयाच्या उजव्या बाजूला जाऊन आदळतं. हृदय थकतं, आणि लिव्हरला वळसा घालून गेलेलं रक्त मेंदूवर परिणाम करतं. आधी जोड बंद करायचा. त्यानंतरही दाब उरलाच तर मग पुढचं.

बंद कसा करतात? भूल पूर्ण द्यावी लागेलच असं नाही, बऱ्याचदा जागा बधिर करून आणि गुंगी देऊन होतं. जांघेतल्या धमनीत सुई, सुईतून तार, तारेवरून नळी. स्वीडनच्या सेल्डिंगरने १९५३ मध्ये ही पद्धत दाखवली आणि आजही आमचा दिवस तिथूनच सुरू होतो. नळी महाधमनीतून हिपॅटिक धमनीत नेतात, तिच्या आतून आणखी बारीक मायक्रोकॅथेटर जोडाच्या तोंडापर्यंत. मग एक्स-रेत दिसणारं औषध सोडून चित्रं घेतात. एरवी पोर्टल व्हेन दिसायला रक्ताने प्लीहा किंवा आतडी फिरून यावं लागतं, त्यात बरेच सेकंद जातात. या रुग्णांत धमनी भरते न भरते तोच शेजारी करंगळीएवढी पोर्टल व्हेन भरून जाते. इतक्या वेगाने, की पहिल्यांदा पाहणारा शिकाऊ डॉक्टर म्हणतो, ‘सर, नळी चुकून शिरेत गेलीय का?’

सगळं कौशल्य कुठे बंद करायचं यात आहे. नेमकं जोडावर, आणि शक्यतो जोडाच्या दोन्ही बाजूंनी. लांबून, मूळ धमनीतच बूच मारणं सोपं असतं आणि त्या दिवशी चित्रही छान दिसतं. पण त्या जोडाला रक्ताची ओढ फार असते. मुख्य वाट बंद झाली की डायफ्रामच्या, जठराच्या, लिव्हरच्या दुसऱ्या भागाच्या बारीक धमन्या वाढून त्याच ठिकाणी येऊन मिळतात. आता जोड तसाच चालू, आणि आमची नळी जायची सरळ वाट मात्र कायमची बंद. असाच एक तरुण माझ्याकडे आला होता. दुसऱ्या एका ठिकाणी ऑपरेशन करून त्याची धमनी जोडापासून बरीच आधी बांधली होती. वर्षभर बरा होता, मग पुन्हा उलटी. जे काम एका बैठकीत झालं असतं त्याला आम्हाला तीन बैठका लागल्या, आणि शेवटी लिव्हरमधून सुई घालून पोर्टल व्हेनच्या बाजूने जोड गाठावा लागला.

कशाने बंद करतात हे जोडाच्या आकारावर ठरतं. कॉइल म्हणजे प्लॅटिनमची किंवा स्टीलची बारीक स्प्रिंग, तिला धागे असतात, त्यावर रक्त गोठतं. जियान्तुर्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये कॉइल आणल्या तेव्हा त्यांना चक्क लोकरीचे धागे लावलेले होते. प्रवाह जोराचा असला तर साधी कॉइल सोडताच वाहून पोर्टल व्हेनमध्ये जायची भीती असते, म्हणून शेवटपर्यंत तारेला जोडलेली, नको वाटली तर मागे घेता येणारी कॉइल वापरायची. मोठ्या जोडाला जाळीदार प्लग चांगला, तो धमनीच्या रुंदीपेक्षा ३० ते ५० टक्के मोठा निवडतात म्हणजे घट्ट बसतो. ग्लू, म्हणजे लिपिओडॉल (एक्स-रेत दिसणारं तेल) मिसळलेला डिंकासारखा पदार्थ, प्लगपेक्षा स्वस्त पडतो आणि वेड्यावाकड्या फाट्यांतही शिरतो. पण तो काही सेकंदांत घट्ट होतो आणि एकदा सोडला की परत येत नाही. हात बसलेल्यानेच वापरावा. मुख्य धमनीलाच भोक असेल आणि ती बंद करणं परवडणार नसेल, तर कापड लावलेला स्टेंट आतून बसवून भोक झाकता येतं. एक गोष्ट मात्र टाळायची: ट्यूमरसाठी वापरतात ते बारीक कण. ते जोडातून आरपार जाऊन पोर्टल व्हेनच्या फांद्यांत अडकतात.

त्या माळकरी गृहस्थांना आम्ही एक प्लग आणि त्याच्या पुढे चार कॉइल घातल्या. शेवटचं चित्र घेतलं तेव्हा पोर्टल व्हेन उजळलीच नाही. मी हातमोजा तसाच ठेवून चादरीवरून बरगडीखाली तळहात टेकवला. गिरणी थांबली होती.

घरच्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, धमनी बंद केल्यावर लिव्हरचा तो भाग मरणार नाही का? बहुतेक वेळा नाही, कारण लिव्हरला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी निम्म्याच्या आसपास पोर्टल व्हेनकडूनच मिळतो. पण ही खात्री पोर्टल व्हेन उघडी असेल तरच. म्हणून आधी डॉपलर आणि सीटीत पोर्टल व्हेनमध्ये गुठळी आहे का हे बघितल्याशिवाय धमनीला हात लावायचा नाही. पित्तनलिकांना मात्र रक्त जवळजवळ फक्त धमनीचंच असतं. पूर्वी पित्तनलिका आतड्याला जोडायचं ऑपरेशन झालं असेल किंवा तिथे स्टेंट असेल, तर अशा जागी नंतर गळू व्हायचा धोका वाढतो. वडिलांच्या तीन वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनमध्ये टाक्यांशिवाय आणखी काय केलं होतं, हे डिस्चार्ज कार्डवर पाहून डॉक्टरांना सांगा.

ज्या गुंतागुंतीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, ती बंद केल्यानंतरची आहे. वर्षानुवर्षं फुगलेल्या रुंद पोर्टल व्हेनमधला जोराचा प्रवाह एका क्षणात मंदावतो. पाट रुंद आणि पाणी थोडं, अशा वेळी रक्त जागीच गोठू शकतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका बाईंना तिसऱ्या दिवशी घरी सोडलं आणि डॉपलर महिन्याने ठेवलं. त्या दहाव्या दिवशी पोटदुखी घेऊन परत आल्या, पोर्टल व्हेन अर्धी गुठळीने भरलेली. औषधांनी ती उघडली, पण ते दहा दिवस माझ्या लक्षात राहिलेत. तेव्हापासून मी दुसऱ्याच दिवशी डॉपलर करतो, मग आठवड्याने, महिन्याने, तीन महिन्यांनी. रक्त पातळ करणारं औषध द्यायचं की नाही, हे अन्ननलिकेतल्या शिरा किती धोक्याच्या आहेत त्यावर ठरतं. म्हणूनच मोठ्या शिरा आधी बँड करून घेतलेल्या बऱ्या, आणि हा निर्णय गॅस्ट्रोच्या डॉक्टरांसोबत बसूनच घ्यायचा असतो.

बाकी, बंद केल्यावर तीन-चार दिवस थोडा ताप, बरगडीखाली दुखणं, मळमळ हे अपेक्षित आहे. ताप वाढत गेला किंवा थंडी वाजू लागली तर मात्र कळवायचं. पोटातलं पाणी काही आठवड्यांत ओसरतं, लघवीच्या गोळ्या हळूहळू कमी होतात. प्लीहा सावकाश लहान होते, कधी पूर्ण होत नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण करून शिरा बघायच्या, आणि तोवर कार्व्हेडिलॉल स्वतःहून बंद करायचं नाही. जोड पुन्हा उघडू शकतो, म्हणून वर्षातून एकदा तरी डॉपलर चुकवू नका.

ऑपरेशनची पाळी आज क्वचित येते. नळी पोचतच नसेल किंवा जोड लिव्हरबाहेर मोठ्या धमनीवर असेल, तर सर्जन तो बांधतात. लिव्हरच्या एकाच भागात गुंता असेल तर तो भाग काढतात.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: सीटीत ‘आर्टेरिओपोर्टल शंट’ असं लिहून आलं म्हणजे प्रत्येक वेळी बंद करायचाच असं नाही. लिव्हर बायोप्सीनंतर कडेला राहिलेला छोटासा जोड बहुधा आपोआप मिटतो, त्याला फक्त डॉपलरने बघत राहायचं. लिव्हरच्या कॅन्सरमध्ये गाठच असा जोड तयार करते, तिथे उपचार गाठीच्या हिशेबाने ठरतात. घरात दोन-तीन जणांना वारंवार नाकातून रक्त येत असेल, ओठांवर-जिभेवर लाल ठिपके असतील, तर ‘एचएचटी’ हा आनुवंशिक आजार असू शकतो. त्यात लिव्हरभर असंख्य बारीक जोड असतात. ते आतून बंद करायला गेलं तर पित्तनलिका आणि लिव्हर मरू शकतं, त्यामुळे तिथे नळीचा हा उपचार शक्यतो करत नाहीत. आणि तान्ह्या बाळांचा जन्मजात प्रकार वेगळाच. बाळाचं वजन वाढत नाही, जुलाब थांबत नाहीत, शौचातून रक्त जातं. एका धमनीचा जोड असेल तर एका बैठकीत काम होतं. दोन्ही बाजूंच्या आणि लिव्हरबाहेरच्याही धमन्या येऊन मिळत असतील, तर पुन्हा पुन्हा यावं लागतं, आणि काहींना शेवटी ऑपरेशन किंवा ट्रान्सप्लांट लागतं. अशा बाळाला लहान मुलांच्या लिव्हरचं काम होतं अशाच मोठ्या केंद्रात न्यायचं, मधल्या ठिकाणी वेळ घालवायचा नाही.

तुमच्याकडे परत येतो. जिथे जाल तिथे तीन गोष्टी विचारा: असे जोड तुम्ही किती बंद केलेत, नेमकं जोडावर पोचता येईल का, आणि नंतर पोर्टल व्हेनमध्ये गुठळी झाली तर काय कराल. नीट उत्तरं देणाऱ्याकडेच करा. खर्चाची काळजी असेल तर सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतही हे काम होतं, मुंबईत परळच्या केईएममध्ये इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीचा विभाग आहे. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधीच विचारून घ्या. जाताना सीटीचा नुसता कागदी रिपोर्ट नेऊ नका, सीडी न्या. आम्हाला जोडाचं तोंड रिपोर्टमध्ये नाही, त्या चित्रांत शोधायचं असतं.

आणि तारीख मिळेपर्यंत वडिलांना अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. मीठ कमी ठेवा. शौच डांबरासारखं काळं झालं, चक्कर आली किंवा उलटीत रक्त दिसलं, तर सकाळची वाट न बघता जिथे एंडोस्कोपी आणि रक्तपेढी दोन्ही आहेत अशा जवळच्या रुग्णालयात न्या, आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ‘आर्टेरिओपोर्टल फिस्टुला आहे’ असं सांगा.